रुखमाबाईंची पाणपोई

हल्ली शेतकी मेळाव्यात पाण्याला पत्र्याची टाकी असते आणि साखळीला बांधलेला पेला. विमलबाईंना ते पाणी गोडच लागत नाही. पाणी हवं रांजणातलं, वाळ्याचा वास असलेलं, रुखमाबाईंच्या हातचं. काय ते दिवस होते! महाराष्ट्र नवा नवा झालेला आणि अमडापूरला पहिलाच मेळावा भरलेला. विमल नुकतीच मॅट्रिक पास झाली होती आणि शिक्षिकेच्या ट्रेनिंगला बुलढाण्याला निघायची होती. वडिलांनी मोठ्या मिनतवारीनं हो म्हटलं होतं. जरा कुठं बोभाटा झाला असता, तर तो होकार तिथंच मोडला असता.

मेळाव्याचे प्रमुख माणिकराव. स्वयंसेवकांना पिवळे बिल्ले लावून त्यांनी बजावलं होतं, बाई ओरडली की धावायचं. सगळे गडी कान टवकारून उभे. कोणी ओरडलं नाही, म्हणून सगळे खूश! बाई ओरडली की चार बोटं तिच्याकडंच वळतात, हे त्या शहाण्यांना कोण सांगणार?

विमलच्या मागं भगवंतराव लागला होता. रांग लावायच्या निमित्तानं दंड धरायचा, गर्दीत अंगाशी यायचा. त्याच्याही छातीवर पिवळा बिल्ला होता, मग मदत मागायची कोणाकडं? पाणपोईवर तेवढी एक बाई दिसली. विमल पाणी प्याली, जरा फिरली, परत येऊन प्याली. पुढच्या खेपेला ओंजळीतलं पाणी नुसतंच गळून गेलं.

रुखमाबाईंनी तिच्या मागं नजर टाकली आणि हळूच म्हणाल्या, "तहान नाही लागली तुले. तो त्रास देऊन राह्यला ना?"

विमलचे डोळे भरून आले. "घरी कळू देऊ नका, मावशी. माह्यं ट्रेनिंग जाईल."

"तुले इचारल्याशिवाय कोणालेच नाही सांगत. इकडं ये, माह्यासंगं पाणी वाढ."

भगवंतराव निलाजरेपणानं पाण्याला आलाच. ओंजळीनं पिणाऱ्याचे दोन्ही हात गुंतलेले, मान खाली. रुखमाबाईंनी उजव्या हातानं धार चालू ठेवली आणि डाव्या हातानं त्याच्या छातीवरचा बिल्ला काढून घेतला.

"या बिल्ल्याच्या भरोशावर लोक आपल्या पोरी सोडतात," एवढंच त्या बोलल्या आणि तो बिल्ला त्यांनी विमलच्या पदराला लावला. रांगेतल्या बाया बघत होत्या. मग विमलला विचारून त्यांनी माणिकरावांना बोलावलं आणि भगवंतरावाची करणी सांगितली. पोरगी कोणती, हे मात्र सांगितलं नाही. माणिकरावांनी त्याला मेळाव्याबाहेर काढलं.

संध्याकाळी वडील न्यायला आले. लेकीच्या पदराला बिल्ला बघून त्यांची छाती अशी फुगली, की महिनाभर गावाला तेच ऐकावं लागलं. ट्रेनिंग पक्कं झालं.

रुखमाबाई आता नाहीत.  आजही विमलबाई टाकीपाशी उभ्या राहून तेच आठवत होत्या. समोर एका पोरीनं पेला भरला, तोंडाला न लावताच ओतून दिला आणि मागं बघत पुन्हा भरायला घेतला.

विमलबाई तिच्याजवळ गेल्या. "इकडं ये बाई," त्या हळूच म्हणाल्या, "माह्यासंगं पाणी वाढ."