भारतात किती दिवस?

संध्याकाळचं विमान होतं आणि शॉमबर्गच्या आमच्या अपार्टमेंटमध्ये माझी बॅग अजून अर्धीच भरली होती. बाबा नाशिकला हॉस्पिटलमध्ये होते. मॅनेजरला मात्र माझ्या ब्लॅकबेरीवर मेल चालू हवी होती. फोन कंपनीची बाई तिसऱ्यांदा विचारत होती, भारतात किती दिवस? त्याशिवाय डेटा किती लागेल ते सांगता येईना.

तिला होल्डवर ठेवून मी घरच्या फोनवरून शरदकाकांना लावला.

"काका, बाबा कसे आहेत?"

"बरे आहेत रे. तू नीट ये."

"मग आठवडाभर पुरे ना? मला डेटा प्लॅन घ्यायचाय, नक्की आकडा सांगा."

काकांच्या मागे कुणीतरी आमच्या घराचा पत्ता सांगत होतं.

"पंधरा दिवसांची रजा टाक," काका म्हणाले.

"बरे आहेत ना? मग पंधरा दिवस कशाला?" मी ओरडलो.

"सगळं आटपूनच परत जा, बाळा."

दहावा, तेरावा, मग परतीचं विमान. सकाळपासून न जमलेला हिशेब एका क्षणात जमला.

मी मोबाइल कानाला लावला.

"पंधरा दिवस," मी म्हणालो.

"वॉव," ती बाई म्हणाली, "लाँग व्हेकेशन!"