अकरा नावं

शैलजाच्या अंत्यविधीच्या दिवशी अमेरिकेतल्या मॉरिसव्हिलच्या फ्युनरल होमबाहेर एक काळी म्हातारी पाण्याची बाटली घेऊन उभी होती. शैलजा आणि तिचे यजमान मोरेश्वर यांच्या खालच्याच अपार्टमेंटमध्ये ती मुलाकडे राहायची, घानाहून आलेली. आत मंत्रांची सीडी चालू होती. बाहेर म्हातारीनं गवतावर जरा जरा पाणी ओतलं आणि दर वेळी एकेक नाव घेतलं. तिच्या वाडवडिलांची नावं होती ती. एक बाई येतेय, तिला वाट दाखवा, असं ती त्यांना सांगत होती. सगळ्यांत शेवटी तिनं शैलजाचं नाव घेतलं.

म्हातारीला सगळे नाना म्हणत. त्यांच्यात आजीला नानाच म्हणतात. शैलजाला याचं फार हसू यायचं. "आमच्या नागपुरात नानाला मिशा असतात," असं ती म्हणायची. मोरेश्वर जेवायला बसताना ताटाभोवती पाणी फिरवून चार शितं बाजूला काढतात, हे नानानं एकदा पाहिलं आणि तेव्हापासून ते घर आपलं मानलं. तीही सकाळचा पहिला घोट जमिनीवर सांडल्याशिवाय पीत नसे.

पण शैलजासाठी ओतलेलं ते पाणी नानाच्या मुलाला महागात पडलं. एबेनेझर बस चालवायचा आणि त्यांच्या चर्चमध्ये डीकन, म्हणजे पास्टरच्या हाताखालचा मानाचा सेवेकरी, होता. टायरच्या दुकानाशेजारच्या एका गाळ्यात ते चर्च भरायचं. मेलेल्यांना हाक मारणं म्हणजे सैतानाला बोलावणं, असं तिथले पास्टर सांगत. कुणीतरी चुगली केली आणि पुढच्या रविवारी एबेनेझरला सगळ्यांसमोर उभं राहून आईच्या वतीनं माफी मागावी लागली. जिन्यात भेटला तेव्हा तो मोरेश्वरांवर रागावला नाही. एवढंच म्हणाला, की बायको सोडून गेली, नोकरी नव्हती, तेव्हा चार महिने याच लोकांनी जेवू घातलं. या देशात त्याला दुसरं कुणी नव्हतं.

वर्षभरानं, दोन हजार सहाच्या हिवाळ्यात, नानाच्या किडन्या गेल्या. तिनं मोरेश्वरांना खाली बोलावून घेतलं आणि आपल्या वाडवडिलांची अकरा नावं सांगितली. त्यांनी ती जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर देवनागरीत लिहून घेतली. तिनं तीनदा वाचून घेतली, दोन सुधारली.

"माझा मुलगा ही नावं म्हणणार नाही," ती मोडक्या इंग्रजीत म्हणाली. "तुझ्या बायकोला मी पाणी घातलं. मला तू घाल. नावं घेतली नाहीस तर ते मला ओळखणार नाहीत. मी बाहेरच उभी राहीन."

मोरेश्वरांनी शब्द दिला.

नानाचं दफन सकाळी अकराला होतं. पास्टरची प्रार्थना झाली, बायकांनी गाणी म्हटली. मोरेश्वरांनी कोटाच्या एका खिशातून बाटली काढली, दुसऱ्यातून कागद. एबेनेझरनं ते पाहिलं. तो गर्दीतून वाट काढत आला आणि त्यानं त्यांचं मनगट धरलं.

"पापा, आज नको. यांच्यासमोर नको. तो कागद मला द्या."

शेजारी मोरेश्वरांचा मुलगा अनीश उभा होता. तो हळूच म्हणाला, "बाबा, द्या ना. त्यांचा फॅमिली मॅटर आहे, आपण कशाला इंटरफिअर करायचं?"

मोरेश्वरांना नाही म्हणता आलं असतं. सगळे बघत होते. त्यांनी कागद दिला. एबेनेझरनं तो न वाचताच मुठीत चुरगळला, त्याला ती लिपी येतही नव्हती. मग वाकून मूठभर माती उचलली आणि मातीबरोबर कागदही खाली कबरीत सोडला.

तीन आठवड्यांनी तो वर आला. दार उघडलं तरी बराच वेळ उंबरठ्यावरच थांबला. घानातल्या कुमासीहून मावशीचा फोन आला होता. आईची नावं कुणी घेतली, असं ती विचारत होती. तिला स्वतःला वरच्या पिढ्यांची नावं माहीत नव्हती. थोरली बहीण म्हणून ती नावं फक्त नानाला ठाऊक होती.

"तुम्ही कॉपी ठेवली असेल ना, पापा?"

मोरेश्वरांनी वीज मंडळात चौतीस वर्षं हेडक्लार्की केली होती. साध्या रजेच्या अर्जाचीही ते कॉपी ठेवत. याची ठेवली नव्हती. त्यांनी डोळे मिटून आठवून पाहिलं. ओपोकू. आफुआ. मग एक दुआ होता. त्यानंतर क्वाबेना, की तो आधी?

"आमच्यात गोत्र माहीत नसलं तर कश्यप म्हणतात," ते चाचरत म्हणाले. "तेवढ्यावर भागतं."

"कश्यप कोण?"

"जुने ऋषी."

"ते माझ्या आईला ओळखतील?"

मोरेश्वरांनी बाटलीत पाणी भरून घेतलं.

दोघं पार्किंगमागच्या गवतावर गेले. मोरेश्वरांनी एकेक नाव सांगायचं, एबेनेझरनं ते म्हणून पाणी ओतायचं, असं चार वेळा झालं. पाचव्याला एबेनेझर बाटली तिरकी धरून थांबला. शैलजाचं नाव घ्यावं, ती तरी नानाला ओळखेल, असं मोरेश्वरांच्या मनात आलं. पण शैलजाला वाट दाखवायचं काम नानाच्याच माणसांवर सोपवलेलं होतं, आणि ती कुठवर पोचली हे सांगणारं आता कुणी उरलं नव्हतं.

बराच वेळ वाट पाहून एबेनेझरनं बाटलीला झाकण लावलं आणि ती त्यांच्या हातात दिली.

"आठवलं तर खाली हाक मारा," तो म्हणाला.

बाटली अजून मोरेश्वरांच्या ओट्यावर आहे, अर्ध्याहून जास्त भरलेली. अनीशनं ती एकदा सिंकमध्ये ओतायला घेतली होती. मोरेश्वरांनी ती त्याच्या हातून काढून घेतली आणि पुन्हा जागेवर ठेवली.