नीलाबाईंच्या वर्गातलं फिरतं स्टूल

मी आकुर्डीच्या शाळेतलं फिरतं स्टूल बोलतोय. बोलावं की नाही, याचा मी बराच विचार केला. कारण ज्या गोष्टीबद्दल बोलणार, ती मला नीट दिसलेलीच नाही. माझ्यावर बसणाऱ्या माणसाचा चेहरा मला कधी दिसत नाही. त्याचं वजन कळतं, त्याची चुळबुळ कळते, पाय थरथरले तर ते माझ्या दांड्यातून खाली उतरतं. आणि दिसतात ते त्याच्याकडे बघणारे. तेव्हा माझं सांगणं एका अर्थी अपुरं आहे, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं.

माझा जन्म बासष्ट साली चिंचवडच्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये झाला. ज्योतीराम तिथं टर्नर होता, साताऱ्याकडून नवाच आलेला. तपासणीत नापास झालेल्या एका बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, तुकड्याचा त्यानं माझा पाया केला, लेथवर दांड्याला आटे पाडले आणि खोक्याच्या फळीतून बैठक गोल कापली. मला डावीकडे फिरवलं की मी वर येतो, उजवीकडे फिरवलं की खाली जातो. ड्रिल मशीनवरच्या माणसासाठी त्यानं मला केलं होतं. पण मी पहिल्यापासून कुरकुरतो. त्या माणसाला ती कुरकुर सोसेना, म्हणून मी कोपऱ्यात गेलो. काही वर्षांनी भंगारात निघालो, तेव्हा ज्योतीरामनं मालकांना विचारून मला उचललं आणि सायकलवर बांधून शाळेला आणून दिलं. त्याची मुलगी नीला त्याच शाळेत होती.

शाळेत आधी शिपाई माझ्यावर चढून घड्याळाला चावी देत असे. मग चित्रकलेच्या घारे सरांची नजर माझ्यावर पडली.

घारे सर मुलांना माणसाचा चेहरा काढायला शिकवत. तोवर त्या मुलांनी चेहरा म्हणजे देवाचा नाही तर पुढाऱ्याचा, आणि तोही चौकटी आखून कॅलेंडरवरून उतरवलेला, एवढंच केलेलं. सरांनी मला वर्गाच्या मधोमध ठेवलं, माझ्या पायांभोवती फरशीवर खडूनं खुणा केल्या आणि मुलांना अर्धगोलात बसवलं. माझ्यावर कधी शिपाई बसे, कधी पोस्टमन, कधी शाळेसमोर भाजी विकणारी केसरबाई. ती पहिल्या दिवशी बसायलाच तयार नव्हती. "चित्तर काढलं की आयुष्य घटतं म्हणत्यात, सर." सर म्हणाले, "ही पोरं काढणार आहेत, केसरबाई. तुम्ही ओळखूसुद्धा येणार नाही." मग ती हसत बसली.

सरांचे नियम दोन. पहिला, मॉडेलनं हलायचं नाही. दुसरा, शेजाऱ्याचं बघून काढायचं नाही. "तो तिथं बसलाय, तू इथं. त्याला जे दिसतं ते तुला दिसत नाही. तुझ्या जागेवरून दिसतं तेच काढ." अर्ध्या तासानं ते मॉडेलला म्हणत, "जरा वळा," आणि मी कुरकुरत फिरे. या कामासाठीच मी बनलो असेन, असं मला वाटू लागलं. असं वाटणं धोक्याचं असतं, पण वाटलं.

नीला चौथीत असताना घरी स्टोव्हचा भडका उडाला. तिचा डावा गाल कानापासून हनुवटीपर्यंत भाजला. ती परत शाळेत आली ती वेणी डाव्या खांद्यावरून पुढे घेऊनच. तिचा हात मात्र वर्गात सर्वांत चांगला होता. मॅट्रिकनंतर ती चित्रकलेची परीक्षा पास झाली, आणि घारे सर निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या जागी नीलाबाई म्हणून आली. मुलांना तिच्या गालाचं काही वाटत नसे. पहिल्या दिवशी बघत, दुसऱ्या दिवशी विसरत.

मोठ्यांचं तसं नव्हतं. तिला बघायला दोनदा पाहुणे आले आणि दोन्ही वेळा चहा तसाच ठेवून उठले. हे मी ऐकलेलं आहे. शाळेत सगळं ऐकू येतं.

एकोणऐंशी सालच्या थंडीतली गोष्ट. एका शुक्रवारी वर्ग सुटल्यावर ज्योतीराम आला. बरोबर त्याची बायको चतुराबाई. त्यानं मला उलटं केलं आणि खिशातून एक नट काढला.

"आबा, हे काय करताय?" नीलानं विचारलं.

"डुगडुगतंय. चेकनट मारतो." चेकनट म्हणजे दांडा जागच्या जागी आवळून धरणारा जास्तीचा नट.

"ते फिरायला पाहिजे."

"उद्याच्या दिवस नको फिरायला."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. देहूरोडच्या लष्करी डेपोत कामाला असलेल्या एका मुलाचं स्थळ होतं. फोटो पसंत पडला होता. स्टुडिओत तिला उजवा गाल पुढे करून बसवलं होतं, तो फोटो. उद्या मुलाचा बाप आणि आत्या बघायला येणार होते. घरी आले तर समोरासमोर बसावं लागणार. म्हणून ज्योतीरामनं त्यांना कळवलं होतं, की मुलगी शनिवारी शाळेत शिकवते, कामात असतानाच बघा.

"उद्या मॉडेल म्हणून तूच बस," तो म्हणाला. "दार तुझ्या उजव्या हाताला येतं. मी माप घेऊन बघितलंय, दारातून डावी बाजू दिसत नाही. मॉडेलनं हलायचं नसतं, बोलायचं नसतं. ते दारातून बघतील, मी त्यांना चहाला नेईन. झालं."

"आणि नंतर?"

"नंतर तू त्यांची," चतुराबाई म्हणाल्या. "एकदा अक्षता पडल्या की कोण बोलतंय! फोटो काय खोटा आहे का? तुझाच आहे."

"निम्मा."

"अगं, किती दिवस ही पोरं राखत बसणार तू?"

नीलानं खिडकीकडे बघितलं. ती म्हणाली, "खिडकीकडची मुलं माझ्या डाव्या अंगाला बसतात. त्यांना काय सांगू?"

"त्यांना काय सांगायचंय? ती चित्रं काढतील."

"तेच म्हणतेय. ती काढतील."

ज्योतीरामनं पाना लावला आणि नट आवळला. त्याच्या हातांनी मला घडवलं होतं, त्याच हातांनी मला अडकवलं. बाप होता तो. त्याच्या जागी मी असतो तर काय केलं असतं, मला सांगता येत नाही.

शनिवारी सकाळी नीला माझ्यावर बसली. तिची थरथर थेट बिडापर्यंत येत होती. मुलं खूश होती, बाईंना काढायचं म्हणून. दाराकडच्या मुलांना तिचा चांगला गाल दिसत होता, खिडकीकडच्यांना भाजलेला, मधल्यांना दोन्ही थोडे थोडे. कोणी काही विचारलं नाही. पेन्सिल हातभर लांब धरून, एक डोळा मिटून मापं घेणं सुरू झालं.

मग दारात माणसं आली. मुलाचे वडील बबनराव, डोक्याला पांढरी टोपी. त्यांची बहीण दुर्गाबाई, ठसठशीत कुंकू. मागे ज्योतीराम आणि चतुराबाई.

"ही आमची नीला," ज्योतीराम हळू आवाजात म्हणाला. "मॉडेल म्हणून बसलीय. हलता येत नाही तिला."

"बोलायचं बी न्हाई?" दुर्गाबाईंनी विचारलं.

"नाही. पोरांचं ध्यान मोडतं."

"मंग देवळातल्या देवावानीच की!" त्या हसल्या. "रूप चांगलं हाय. व्हय ना, दादा?"

बबनरावांनी मान हलवली. त्यांचा चेहरा मला दिसत होता. तो खुलला होता. ज्योतीरामचा चेहरा बघवत नव्हता. तो पाहुण्यांकडे बघत नव्हता, माझ्या नटाकडे बघत होता.

"चला, चहा घेऊ," तो म्हणाला.

"थांबा की वाईच. पोरांनी कशी काढलीय, बघू तर." दुर्गाबाई दाराजवळच्या एका मुलीच्या कागदावर वाकल्या. "अगं बया, नाक अगदी तसंच! आन् त्या खिडकीकडल्या पोरांचं?"

"नको, आत नको," ज्योतीराम चटकन म्हणाला. "त्यांचं अजून झालेलं नाही."

"मी काय खाते व्हय त्यांना?"

त्यांनी एक पाऊल आत टाकलं. चतुराबाईंनी त्यांचा हात धरला. "ताई, चहा निवेल." दुर्गाबाईंनी त्या हाताकडे बघितलं, मग चतुराबाईंच्या तोंडाकडे. त्यांना काहीतरी कळलं. काय ते कळलं नव्हतं, पण काहीतरी आहे, एवढं कळलं.

आणि माझ्यावरची थरथर थांबली.

"आत्या, तुम्ही नका येऊ," नीला म्हणाली. "मीच वळते."

तिनं दोन्ही पाय फरशीवर रोवले आणि डावीकडे जोर दिला. नटानं मला धरलं होतं. तिनं पुन्हा जोर दिला. मी इतक्या मोठ्यानं कुरकुरलो, की पुढच्या मुलानं कानावर हात ठेवला. मग नट सुटला आणि मी फिरलो. खिडकीकडून मागच्या भिंतीकडे, अर्धा फेरा. तिनं वेणी पाठीवर टाकली, तिचा झुपका माझ्या कडेला लागला. फिरता फिरता मी तिला किंचित उंच उचललं. ते काही मी मनानं केलं नाही. माझे आटेच तसे आहेत.

आता दाराकडे तिचा डावा गाल होता.

"बाई, हललात!" एक मुलगा ओरडला.

"बाई, माझ्याकडं आता नुसती वेणी आलीय!" मधे बसलेली एक मुलगी रडवेली झाली.

"मग वेणी काढ," नीला म्हणाली. "दिसतं ते काढ."

मुलं हसली. दारात कोणी हसलं नाही.

"स्टोव्ह?" दुर्गाबाईंनी विचारलं.

"हो. चौथीत असताना."

दुर्गाबाईंनी पदर तोंडाला लावला. बबनरावांनी डोक्यावरची टोपी सारखी केली. मग ते ज्योतीरामकडे वळले. आवाज चढलेला नव्हता, म्हणूनच तो जास्त लागला.

"डागाचं काय हो! सांगितलं असतंत तर घरी जाऊन चार माणसांत बोललो असतो. मुलाला विचारलं असतं. पण तुम्ही आम्हाला दारात उभं केलंत, राव. माप घेतल्यासारखं दारात उभं केलंत."

"बबनराव, ऐका तरी..."

"चल, दुर्गे."

दुर्गाबाई जाता जाता थबकल्या. "पोरी, तुझ्यावर राग न्हाई," एवढं म्हणाल्या आणि गेल्या. चतुराबाई त्यांच्या मागे धावल्या. ते स्थळ तिथंच मोडलं.

ज्योतीराम वर्गात आला. तो भिंतीला टेकून उभा राहिला. नीला उठली आणि तिनं त्याला माझ्यावर बसवलं. मला घडवणारा माणूस इतक्या वर्षांत पहिल्यांदाच माझ्यावर बसला. एवढं वजन मी कधी पेललं नव्हतं.

तास संपायला अवकाश होता. नीलानं खडू उचलला, माझ्या पायांभोवतीच्या खुणा पुन्हा गडद केल्या आणि म्हणाली, "नवा कागद घ्या."

मुलांनी मापं घ्यायला सुरुवात केली. थोड्या वेळानं दाराजवळची ती मुलगी कुजबुजली, "बाई, हे हलतायत. रडतायत ते."

"हलू दे," नीला म्हणाली. "तसंच काढा."

घंटा झाल्यावर सगळी चित्रं माझ्याभोवती फरशीवर मांडली गेली. तेव्हा माझ्यावर बसलेली ती दोघं मला पहिल्यांदा दिसली. कुठं गाल, कुठं डाग, कुठं नुसती वेणी. आणि बापाचे वाकलेले खांदे. एकही चित्र दुसऱ्यासारखं नव्हतं, तरी माणसं ओळखू येत होती.

त्यानंतर ज्योतीरामनं नवा फोटो काढून आणला, समोरून. नीलाबाईंचं लग्न अजून झालेलं नाही. त्या दिवशी झालं ते चांगलं की वाईट, हे मी ठरवू शकत नाही. रोज ठरवतो आणि रोज बदलतो. आणखीही एक शंका आहे. आयुष्यभर पाना धरलेला माणूस नट अर्धवट आवळत नाही. मग तो सुटला कसा? तिच्या जोरानं, की शुक्रवारी त्याचाच हात शेवटच्या पिळाला कचरला? हे त्याला कोणी विचारलं नाही. मी विचारू शकत नाही.

आता ब्याऐंशी साल आहे. माझी बैठक चिरली आहे, आटे झिजले आहेत. शाळेत नव्या घडीच्या खुर्च्या आल्या. मला दुरुस्त करायचं की भंगारात द्यायचं, याची बोलणी चालू आहेत. तरी दर वर्षी पहिल्या तासाला नीलाबाई स्वतः माझ्यावर बसतात आणि हळूहळू पुरा फेरा घेतात, म्हणजे प्रत्येक मुलाला प्रत्येक बाजू मिळते.

दुरुस्त करायचं ठरलं तर माझी एकच विनंती आहे. फळी बदला, तेल घाला, हवा तो रंग लावा. कुरकुर राहिली तर राहू द्या. तो नट अजून माझ्या दांड्यावर सैल लोंबतोय. तेवढा मात्र पुन्हा आवळू नका.