टेबल सातचं औषध

धाकट्याने इन्सुलिन घेणं बंद केलं त्याला सव्वा महिना होऊन गेला होता. थोरलीचं समजावून झालं, ओरडून झालं, रडून झालं, दोन दिवस अबोला धरून झाला. ती त्याची सख्खी मोठी बहीण. आईच्या माघारी तिनेच त्याला वाढवलं, आणि चव्वेचाळीस वर्षांचा घोडा झाला तरी तो तिच्याच घरात, तिच्याच हातचं खाऊन राहत होता. त्याच्या उजव्या पायाच्या अंगठ्याला जखम झाली होती आणि ती भरायचं नाव घेत नव्हती. डॉक्टरीणबाईंनी थोरलीला बाजूला घेऊन सरळ सांगितलं होतं, "इंजेक्शन चालू झालं नाही तर आधी अंगठा जाईल, मग पाय. नंतर माझ्याकडे येऊन रडू नका."

आणि हा बाबा म्हणायचा, "ताई, त्या इंजेक्शनच्या पेनात काय भरतात ते तुला माहीत नाही. टेकडीवर ठरतं ते."

टेकडीवर म्हणे! टेकडीवर होतं एक हॉटेल, आणि त्या हॉटेलच्या पॅन्ट्रीत खुद्द थोरली एकोणीस वर्षं राबत होती. दर वर्षी तीन दिवस तिथे बड्या लोकांची बैठक भरायची. बँकांचे मालक, खाणींचे मालक, औषध कंपन्यांचे मालक, चार-दोन माजी मंत्री. रस्ता बंद, फोन बंद, पेपरवाल्यांना गेटबाहेर हाकललेलं. बैठक तीन दिवसांची, पण धाकट्याच्या मोबाइलवर तिचे व्हिडिओ वर्षभर यायचे. जगात कुणी जगायचं आणि कुणी मरायचं याची यादी तिथे होते. रोग तिथून सुटतात. पाऊससुद्धा तिथूनच अडवतात.

"अरे, मी सूप वाढते त्यांना!" थोरली कपाळावर हात मारून म्हणायची. "गुडघ्यांबद्दल बोलतात ते. एसी फार गार आहे म्हणतात. एक म्हातारा आहे, त्याचा मुलगा फोन उचलत नाही, ते रडगाणं मी तीन वर्षं ऐकतेय."

"तुझ्यासमोर तेवढंच बोलणार. दार लावल्यावर काय बोलतात?"

दुपारी दार तर खरंच लावून घ्यायचे. ते काही साधुसंत नव्हते, हे तिलाही कळत होतं. धाकटा ज्या बेअरिंगच्या कारखान्यात फिटर होता, तो असल्याच कुणीतरी सही करून बंद केला होता. पण त्यात गुपित कसलं? नोटीस चांगली गेटवर चिकटवली होती, सहीशिक्क्यासकट. आठशे माणसं घरी बसली. थोरलीला कधीकधी वाटायचं, त्या हॉलमध्ये आपल्याबद्दल निदान कट तरी शिजला असेल, एवढ्यावरच हा तग धरून आहे. त्याच्याबद्दल तिथे कुणी अवाक्षरही काढलं नसेल, हे त्याला सोसवलंच नसतं.

त्या तीन दिवसांत पाहुण्यांची नावं कुठेही लिहायची नाहीत, असा हॉटेलचा कडक नियम होता. मग पथ्यपाणी कसं लक्षात ठेवायचं? म्हणून पॅन्ट्रीने स्वतःच्या खुणा पाडल्या होत्या. टेबलाचा नंबर, आणि खाली खूण. चौकोन म्हणजे मीठ नको. दोन आडव्या रेघा म्हणजे मऊ जेवण, दात नाहीत. निळं वर्तुळ म्हणजे जेवणाआधी सुई. सुईवाल्यांची औषधं पॅन्ट्रीच्या छोट्या फ्रिजमध्ये राहायची आणि त्यांवरची लेबलं थोरलीच लिहायची, कारण तिचं अक्षर वळणदार. सूपच्या दहा मिनिटं आधी ट्रेमध्ये नॅपकिनखाली झाकून ते औषध न्यायचं, की झालं.

त्या वर्षी बैठकीच्या शेवटच्या दिवशी टेबल सातच्या धिप्पाड पाहुण्याने तिच्यासमोरच शर्ट वर करून पोटात सुई टोचून घेतली. थोरली बघतच राहिली. तेच पेन! तीच कंपनी, तीच राखाडी टोपी. घरच्या फ्रिजमध्ये दुधाच्या पिशवीमागे पडून होतं, अगदी तेच.

घरी येऊन तिने धाकट्याला फैलावर घेतलं. "ज्याच्या नावाने तू बोटं मोडतोस ना, तोच माणूस तेच घेतो. आता बोल!"

धाकटा ताठ उठून बसला. "डोळ्यांनी पाहिलंस?"

"या दोन डोळ्यांनी."

त्याने फ्रिजमधलं पेन काढून टोपी निरखली. मग म्हणाला, "टोपी तीच असणार, ताई. आतलं वेगळं. आपल्याला एक, त्यांना एक." आणि हळूच, लहानपणी खाऊ मागायचा तशा आवाजात, "मला त्यातलं आणून दे ना. टेबल सातचं. ते घेईन मी."

थोरलीने दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून पाच पेनांची एक पेटी घेतली. दुपारच्या सुट्टीत पॅन्ट्रीत बसून पाच लेबलं लिहिली. सात, आणि खाली निळं वर्तुळ. घरी येऊन म्हणाली, "पाहुणा गेला, पेटी विसरला. कुणाला बोलू नकोस." आयुष्यभर खरं बोलणारी बाई, पण खोटं असं बोलली की जीभ जरासुद्धा अडखळली नाही.

धाकट्याने पेन उजेडात धरलं. लेबल दोनदा वाचलं. आणि गुपचूप टोचून घेतलं. थोरली स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडून पोटभर रडली.

पुढचे सहा आठवडे त्या घरात सुखाचे गेले. साखर उतरली. जखमेच्या कडा सुकायला लागल्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काय जादू केलीत हो?" धाकट्याने स्वतःहून दाराची कडी दुरुस्त केली, एक दिवस चहा करून थोरलीला हातात आणून दिला, वर "साखर जास्त नाही घातली, तुलाही जपायला हवं" म्हणून चिडवलंही. तीन पेनं संपली, दोन उरली. नवी पेटी आणायची तर काय थाप मारावी, याचा विचार थोरली भाजी निवडतानासुद्धा करत होती.

पण गप्प बसवेल तर तो धाकटा कसला! त्याने पेनाचा फोटो काढला, लेबलासकट, आणि मोबाइलवर टाकला. "त्यांचं औषध, आता आपल्या हातात." चाळीस हजार लोकांनी पाहिला. त्यांतलं कुणीतरी हॉटेलचं निघालं.

मंगळवारी सकाळी दहाच्या सुमाराला हॉटेलचे मॅनेजर आणि सिक्युरिटीचा मुख्य दारात उभे राहिले. मॅनेजर थोरलीबरोबरच हॉटेलात लागलेला, तेव्हा साधा वेटर होता. त्याने फोटो पुढे केला. "बाई, अक्षर तुमचं ना?"

"माझंच."

"पाहुण्याचं औषध घरी कसं आलं?"

थोरलीची पर्स खुंटीला लटकत होती, हात लांब केला तर पोहोचेल अशी. पर्समध्ये मेडिकलचं बिल होतं. तारीख, शिक्का, पेटीवरचा बॅच नंबर, सगळं जुळलं असतं.

"काही खुलासा असेल तर आत्ता द्या," मॅनेजर काकुळतीला येऊन म्हणाला. "मी ऐकून घेतो. एकोणीस वर्षं ओळखतो तुम्हाला."

तिने मागे वळून पाहिलं. धाकटा चौकटीला टेकून उभा होता, दुखरा पाय उचलून. त्याचा चेहरा कारखाना बंद झाल्यापासून कधी फुलला नव्हता तसा फुलला होता. बिल काढलं की नोकरी वाचत होती, आणि धाकट्याची सुई पुन्हा बंद पडत होती. तिने झटक्यात हिशेब केला. पेनं काय, मेडिकलमध्ये हवी तेवढी मिळतात. लेबल लिहायला हात आपलाच आहे.

"खुलासा नाही," ती म्हणाली. "मीच उचललं."

सिक्युरिटीवाल्याने फ्रिज उघडून दोन्ही पेनं प्लॅस्टिकच्या पिशवीत घातली, तिचं ओळखपत्र मागून घेतलं. मॅनेजर मान खाली घालून जिना उतरला. खालच्या मजल्यावरची दारं किलकिली झाली होती. चोर म्हणवून घ्यायलाही ती तयार होती, मग दारांचं काय एवढं.

दुसऱ्या दिवशी जेवणाआधी तिने नवं पेन आणून धाकट्यासमोर ठेवलं. सात, निळं वर्तुळ. "एक लपवून ठेवलं होतं."

त्याने ते उलटसुलट करून पाहिलं. "पेटीत पाच होती, ताई. तीन मी संपवली. दोन त्यांनी माझ्यासमोर नेली." मग शांतपणे विचारलं, "हे सहावं कुठून आलं?"

 थोरलीने पर्स उलटी केली, बिल त्याच्या हातात कोंबलं आणि सगळं सांगितलं. मेडिकल, सुट्टी, लेबलं, सगळं. "पाचही मीच विकत आणली होती रे! आपल्यासारख्यांचीच, कोपऱ्यावरची! त्यानेच तुझी जखम सुकत होती!"

धाकट्याने बिल नीट वाचलं, घडी घातली. "नुसतं कोपऱ्यावरचं असतं, तर ते दोघं ते न्यायला आले असते का?"

"मी बोलले नाही म्हणून नेलं. तुझ्यासाठी बोलले नाही."

"काल म्हणालीस, उचललं. आज म्हणतेस, विकत घेतलं." त्याच्या आवाजात राग नव्हता, हेच भयंकर होतं. "तुला घाबरवलंय त्यांनी. नोकरी परत देतो म्हणाले असतील, हे त्याला टोच."

ती त्याच्या पायाशी बसली, खरोखर पायाशी, आणि त्याचा मोजा उतरवायला लागली. दोन वेळची सुई चुकली होती. आत्ताच काही दिसत नव्हतं, जखम कालच्यासारखीच कोरडी होती. महिनाभराने तिथे काय असेल ते तिला डॉक्टरीणबाईंनी आधीच सांगून ठेवलं होतं.

"बाळा, एकदा घे. माझ्यासाठी घे."

धाकट्याने पेन उचललं, कचऱ्याच्या डब्यात टाकलं, आणि येऊन तिच्या डोक्यावरून हात फिरवला.

"मी रागावलो नाही, ताई," तो म्हणाला. "ते कुणालाही फोडतात."

मग त्याने ताट पुढे ओढलं आणि जेवायला सुरुवात केली.