मोरीतली वजरी

समिधाने तांब्यातलं पाणी दगडावर ओतलं आणि दगड ओट्यावर गोमाच्या पुढ्यात ठेवला. ओला झाल्याबरोबर त्याच्यावरची नक्षी उठून दिसू लागली. मधाच्या पोळ्यासारखी दाट भोकं आणि प्रत्येक भोकात बारीक रेघांचं फूल.

"बाबा, हा तुमच्या मळ्याखालच्या डोहाशी सापडला. असे दगड अजून कुठे पाहिलेत का तुम्ही? पाताळगंगा तुमच्याएवढी कुणाला ठाऊक नाही म्हणतात."

समिधा खोपोलीच्या कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवायची. चार रविवार ती नदीकाठाने दगड गोळा करत फिरत होती आणि लोधिवलीच्या लोकांनी तिला सरळ गोमाच्या दारात आणून सोडलं होतं. गोमाने उभा जन्म नदीकाठी भाजीचे वाफे ओढण्यात घालवला होता. पण आता त्याचं नदीकडे लक्षच नव्हतं. त्याने हळूच अंगठा दगडाच्या एका बाजूला टेकवला. तिथे झिजून झालेली एक खोलगट जागा होती. अंगठा तिच्यात बरोबर बसला.

वजरी होती ती. त्याच्या बायकोची. वीस वर्षं ती याच वजरीने टाचा घासत आली होती.

"काय हाय ह्ये?" विचारायचं म्हणून त्याने विचारलं.

"प्रवाळ. समुद्रातल्या चिमुकल्या जिवांची घरं. लाखो वर्षांनी दगड झालेली." तिने भिंग त्याच्या हातात दिलं. "एकेका भोकात एकेक जीव राहायचा. हे असे एकमेकांना चिकटूनच राहतात. जुन्या घरांवर नवी घरं चढत जातात."

गोमाने एक डोळा मिटून पाहिलं. मोरीत पडून असलेल्या वस्तूत अख्खा गाव नांदून गेला होता आणि आपण साधं वाकून पाहिलं नाही. त्याच्या स्वतःच्या घरात दीड वर्षापासून तो एकटा होता. मुलगा रूपेश पुण्याहून रविवारी फोन करायचा. उरलेले सहा दिवस गोमा कोंबड्यांशी आणि टीव्हीवर बातम्या सांगणाऱ्या बाईशी बोलायचा. पैकी कोंबड्या निदान मान वळवून बघत तरी.

"आपल्याकडे सगळा लाव्हाचा काळा कातळ," समिधा सांगत होती. "त्यात प्रवाळ निघणं शक्य नाही, असं आमचे सर म्हणतात. पण हा खरंच इथल्या जमिनीतून आला असेल ना बाबा, तर पुस्तकं बदलावी लागतील! सोमवारी पुण्याला दाखवायला नेतेय. फक्त एकच शंका आहे. कुणी बाहेरून आणून तर टाकला नसेल?"

गोमाने भिंग खाली ठेवलं. बोलावं तर पोरीचा हिरमोड होणार आणि आपल्या मनातली चोरी उघडी पडणार. गप्प राहावं तर बायकोचा दगड कायमचा पाताळगंगेच्या नावावर जाणार. त्याने दोनदा घसा खाकरला.

"पोरी, ह्यो दगड हितला नाय. द्वारकेचा हाय."

समिधाने वही उघडली.

"गावची बस गेलती यात्रेला. आमी दोगं जल्मात एकदाच कुठं गेलो, त्ये तितं. हिनं समुद्रावर ह्यो दगड उचालला. मी वरडलो, गावात काय दगडं नाय काय गं? तर म्हनली, एवढ्या लांब आले, कायतरी नेते." त्याने दगडावरून अंगठा फिरवला. "परत जाऊ म्हनायची. मी म्हनायचो, भात झोडून झालं की जाऊ. दर साली भात झोडायचंच व्हतं."

मग त्याने ते सांगितलं, जे रूपेशलाही सांगितलं नव्हतं. ती गेली तेव्हा नदीला पूर होता. भटजींनी मडकं फोडायला खडा मागितला, आणि अंगणापासून स्मशानापर्यंत सगळीकडे पेव्हर ब्लॉक. एवढ्या मोठ्या गावात एक सुटा दगड मिळेना. गोमाने घाईत मोरीतली वजरी उचलली आणि रूपेशच्या हातात दिली. तोच तिचा जीवखडा झाला, दहा दिवस तिचा जीव त्यात आहे असं धरायचं. दहाव्याला पिंड मांडला तर कावळा शिवेना. जमलेल्यांनी नातवाच्या लग्नापासून गाईच्या दाव्यापर्यंत सगळी वचनं देऊन पाहिली. शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला आणि वजरी नदीत सोडली.

"तिला काय पायजे व्हतं त्ये मला म्हाईत व्हतं," गोमा म्हणाला. "चार लोकांत बोलायची लाज वाटली. द्वारकेला नेतो म्हनायचं व्हतं. मेल्यावर कशी नेऊ?"

समिधाने वहीतल्या पानावर एक रेघ मारली. सोमवार गेला, हे तिच्या तोंडावर दिसत होतं. पण ती चिडली नाही.

"बरं झालं आधी सांगितलंत," ती म्हणाली आणि दगड त्याच्याकडे सरकवला. "मग हा तुमचाच."

गोमाने हात मागे घेतले. "नदीला दिल्यालं परत घरात घ्येत नाय गं."

"मग आमच्या कॉलेजच्या कपाटात ठेवते." तिने पिशवीतून एक छोटं कार्ड काढलं. प्रवाळ, असं लिहिलं. खाली लिहिलं, द्वारका. "गोळा करणाऱ्याचं नाव?"

गोमाने सगळा संसार 'अगं' आणि 'रूपेशची आय' यांवर निभावला होता. नाव घेतलं होतं ते एकदाच, लग्नात बायकांनी दार अडवलं तेव्हा, आणि तेही इतकं पुटपुटत की त्यांनी त्याला पुन्हा घ्यायला लावलं होतं.

"सोनुबाई," तो म्हणाला. मग जरा मोठ्याने, "सोनुबाई गोमा ठोंबरे."

समिधाने लिहिलं.

"परत जायाचं व्हतं तिला तितं. त्ये बी लिवतात काय?"

"नाही बाबा. तेवढी जागा नसते."

तिची स्कूटर हायवेच्या आवाजात मिसळून गेल्यावर गोमा आत गेला. मोरीच्या कोपऱ्यात, घंगाळाशेजारी, फरशीवर वजरीचा गोल डाग अजून होता. तो चौकटीला धरून उभा राहिला.

"सोनुबाई," त्याने हाक मारली. रिकाम्या घरात ती फारच मोठी वाटली.

"द्वारकेचा हाय म्हनून सांगितलं गं," तो म्हणाला. "तुज्या नावानं लिवला."