स्वतंत्र संडास

राजेश्वरी, आमच्या भागातली आशा सेविका, उंबऱ्याबाहेर उभी. मी आत भिंतीला टेकून. दोघींच्या मधे तिनं छत्री आडवी धरलेली.

"कोरोनाचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आलाय, राहीमावशी. घरीच ऱ्हायचं तर वेगळी खोली लागती."

"एकच हाय. वेगळी कशापासनं करू?"

"घरात आनि कोण?"

"उंदीर."

ती हसली नाही. "संडास स्वतंत्र हाय?"

कुपवाडातल्या आमच्या चाळीत खोल्या सहा आणि संडास एक. सकाळी कंपनीत जायच्या घाईत बाहेरून दारावर नुसत्या थापा. पण नाही म्हटलं असतं तर सेंटरला नेलं असतं, आणि तिथं गेलेले शेजारचे लालासाहेब परत आलेच नव्हते.

"हाय," मी म्हणाले.

तिला चाळ ठाऊक होती. तरी मान हलवली. "पानी भरपूर प्या. बाहेर पडू नगा. आता जबाबदारी तुमची."

घेतली जबाबदारी. आधी पाणीच सोडलं. प्यायलं की जावं लागतं. शेजारची शबाना दाराशी पेज ठेवायची, तीही मी दोन घोट घेऊन झाकून ठेवायचे. पण ताप अंगात आणि पोटात कळ. माणूस किती धरणार? दुपारी चाळ सामसूम झाल्यावर मास्कवरून पदर गुंडाळून गेले. फिनेलनं सगळं धुतलं, कडीसुद्धा. दार उघडलं तर समोर शबानाचा नवरा इलाही, हातात बादली.

"आवं मावशी! घरात तान्हं पोर हाय माझं. एवढी तरी जबाबदारी नगं का मानसाला?"

"खरं हाय तुझं. पर मी जाऊ कुठं रं?"

तो बादली हिंदकळवत मागं फिरला.

दुसऱ्या दिवसापासून चाळ ओढ्याकडं जायला लागली. बायका अंधारात, जोडीनं. मी बरी झाले, पुन्हा कामाला लागले, शबाना लांबून बोलायलाही लागली. त्या दाराला मात्र कुणी हात लावला नाही.

आता रोज मीच धुते. सरकारला पाहिजे होता तसा झाला एकदाचा, स्वतंत्र.

आत बसले की कान बाहेर लागतात. वाटतं, कुणीतरी दारावर थाप मारावी, ओरडावं, "आवं मावशी, झोपलासा काय आत? आवरा की!"

पूर्वी याच ओरडण्याचा लय राग यायचा.