चारशे बारावं कार्ड

“आय, हे काय केलंस?”

अंगणात चटईवर प्लासिडची पंचकार्डं, कॉम्प्युटरला गणित सांगणारी भोकांची कार्डं, पसरली होती, अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर बोंबील वाळत घालतात तशी.

“कौलातून गळलं, खोका भिजला. कुजू देऊ काय?” सासू म्हणाली. “उलटून पण घातली मी.”

लिडिया पायरीवर बसली. तिच्या नवऱ्याला, प्लासिडला, तापाने नेलं त्याला चाळीस दिवस झाले होते. चार वाजता त्याच्या संशोधन संस्थेतला सहकारी गुरुदत्त ही कार्डं न्यायला येणार होता. उद्या तिथल्या कॉम्प्युटरवर प्लासिडचं अर्धवट गणित पुरं व्हायचं होतं. पण कार्डं ओळीने लागली तरच.

त्याने ते गणित तिला जेवणाच्या टेबलावर समजावलं होतं, तिच्या बोटांत बोटं अडकवून. “डीएनएतल्या जोड्या अशा धरून असतात. ॲडेनीन-थायमीन, दोन बोटं. ग्वानीन-सायटोसीन, तीन. आता मधला हायड्रोजन हळूच पलीकडे सरकायला किती जोर लागेल? ते क्वांटमचं गणित सांगणार.”

“आणि सरकला तर?”

“पुढची नक्कल चुकते, बाई.”

पाळण्यात बाळ कुरकुरलं. त्याची करंगळी बापासारखीच वाकडी. लिडियाने झोका दिला, आणि मागून कानाशी कोणी म्हणालं, ‘रेघ बघ.’

ती वळली. मागे केळी हलत होत्या, बाकी काही नाही.

पण रेघ होती. गठ्ठ्याच्या वरच्या कडेवर प्लासिडने निळ्या शाईने तिरपी ओढली होती. “सांडली तरी घर सापडेल त्यांना,” म्हणाला होता. आता एकेका कार्डाच्या कडेला तिचा एक ठिपका उरला होता. ठिपक्यापुढे ठिपका लावत, मधेच बाळाला पाजत, तिने तीन वाजेपर्यंत रेघ उभी केली.

खोक्याच्या झाकणावर त्याच्या अक्षरात ४१२. तिने दोनदा मोजली. चारशे अकरा.

चटईखाली नव्हतं, पाळण्यात नव्हतं. सासू तांदूळ निवडत होती, मान वर न करता.

“आय.”

सासू उठली. घरातल्या वेदीवरच्या मरियेच्या मूर्तीमागून कार्ड काढून आणलं. “हातात घेतलं की त्याची बोटं लागतात,” ती म्हणाली. “भोकं त्यानंच पाडली ना?”

“त्यानंच. पण हे नसेल तर त्याचं काम इथंच थांबतं, आय.”

सासूने कार्डावरून अंगठा फिरवला, एकेका भोकावर थांबत. मग म्हणाली, “कुठं घालायचं, दाखव.”

गुरुदत्त खोका घेऊन गेला.

संध्याकाळी रोझरीची माळ घेऊन सासू प्रार्थनेला बसली. ओठ हलत होते. अंगठा मात्र मणी सोडून दोन मण्यांमधल्या मोकळ्या दोऱ्यावर, मघा भोकांवर थांबला तसा, थांबत होता.